गोबरगॅस गाळणारा दगड

"ताई, शेगडी परत सडली हो!" बचत गटात हे गाऱ्हाणं मी नेहमी ऐकते. गोबरगॅसमध्ये जळणारा मिथेन साधारण ५५ ते ६५ टक्के. बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, थोडी वाफ आणि सडक्या अंड्याच्या वासाचा, विषारी हायड्रोजन सल्फाइड. बर्नर खातो तो हाच!

यावर झिओलाइट हे सच्छिद्र खनिज कामी येतं. आपल्या नाशिक-जळगावकडच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतही त्याचे स्फटिक सापडतात. खडे आम्लात किंवा अल्कलीत भिजवून, धुऊन तापवले की बारीक छिद्रं मोकळी होतात. नको ते वायू तिथं अडकतात, मिथेन पुढे जातो.

आम्लाचा खेळ घरी नकोच गं बायांनो! शेगडीपुरतं गंजलेल्या लोखंडी किसाची डबी कारागिराकडून नळीत बसवून घ्या. कीस काळा पडला की बदलायचा. काढलेला मात्र हवेत तापतो, म्हणून ओला करून चुलीपासून लांब ठेवायचा.