हिमाच्या उतारावरील धोके

यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारें साडेचारशें मीटर उंच. मे महिन्यांत तेथें उष्णमान ४४ अंशांपलीकडे जातें, आणि बर्फ म्हणून जें कांहीं आकाशांतून पडतें तें गारांच्या रूपानें, हरभऱ्याच्या मुळावर येऊन. अशा मुलखांतील कुटुंबेंहि आतां हिंवाळ्यांत काश्मिरांतील गुलमर्ग किंवा कुलूकडील सोलंग पाहावयास जातात, आणि तेथें भाड्यानें पायांस स्की बांधून घेण्याचा मोह अनेकांस होतो. मोह गैर नाहीं. परंतु त्या भाड्याच्या पट्ट्यांविषयीं थोडी माहिती आधीं असणें इष्ट.

लांब, अरुंद पट्ट्यांवर नवशिका उभा राहिला कीं पडणारच. नुसत्या पडण्यानें सहसा कांहीं बिघडत नाहीं. बिघडतें तें पट्टी पायास अडकून राहिली म्हणजे. माणूस एकीकडे कोसळतो, पट्टी बर्फांत रुतून दुसरीकडे वळते, आणि त्या लांब तरफेचा सारा पीळ गुडघ्यावर येतो. पूर्वी चामड्याचे मऊ बूट असत तेव्हां घोटा मोडे. ताठ प्लास्टिकचे बूट आल्यापासून घोटा पुष्कळ बचावला, पण गुडघ्यांतील अस्थिबंध तुटूं लागले. बूट व पट्टी यांना जोडणारी पकड ठराविक जोर पडतांच आपोआप सुटावी अशी केलेली असते. तो जोर किती, हें वजन, उंची, वय, कौशल्य व बुटाच्या तळाची लांबी पाहून ठरवावें लागतें. धिप्पाड बापाची स्की पंधरा वर्षांच्या मुलीस तशीच दिली, तर ऐन वेळीं पकड सुटत नाहीं आणि गुडघा सुटतो. वजन न विचारतांच दुकानदार स्की पुढें करूं लागला तर त्यास थांबविण्यांत संकोच कसला? पडतांना हातांतील काठी मात्र सोडून द्यावी. ती मुठींत राहिली तर अंगठ्याचा सांधा दुखावतो.

डोक्याची गोष्ट याहून गंभीर. १६ मार्च २००९ रोजीं कॅनडांतील माँ-त्रेंब्लां येथें इंग्लिश नटी नताशा रिचर्डसन नवशिक्यांच्या सौम्य उतारावर शिकत असतां पडली. डोक्यावर शिरस्त्राण नव्हतें. ती उठली, नीट बोलली, वैद्याची गरज नाहीं म्हणाली. पुढें डोकें दुखूं लागलें, आणि १८ मार्चला ती वारली. कवटी व मेंदूचें आवरण यांमध्यें रक्त सांचत असतां आरंभींचा असा बरेपणा फसवा असतो. म्हणून डोक्यास मार लागलेल्यास एकटें सोडूं नये, आणि डोकेदुखी, वांति वा गुंगी दिसतांच इस्पितळ गांठावें.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघानें १९६७ सालीं दहा नियम घालून दिले. त्यांपैकीं एक असा, कीं वरून येणाऱ्यानें खालच्यास सांभाळावें. खालच्यास पाठीमागें डोळे नसतात. हा न्याय आपल्या रस्त्यांवर रुजेल तो सुदिन!

गुलमर्गचें कुरण सुमारें २,६५० मीटर उंचीवर आहे. तेथून दोरीगाडी अफरवत पर्वतावर ३,९०० मीटरांच्या आसपास नेते. खालचें व वरचें हीं दोन निराळीं जगें होत. वर हवा विरळ, आणि उताराचा भरंवसा नाहीं. ८ फेब्रुवारी २०१० रोजीं जवळच्या खिलनमर्ग येथें हिमप्रपातांत सैन्याचे १७ जवान मृत्यु पावले. ते तर बर्फांत वावरण्याचें शिक्षण घेणारे लोक. १ फेब्रुवारी २०२३ रोजीं अफरवतच्या उतारावर दोन पोलिश स्कीपटू गेले. ओल धरलेला गिलावा भिंतीवरून थरच्या थर सुटतो, तसाच नवा बर्फ खालच्या कच्च्या थरावरून एकदम निसटतो. असें बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर घडतें, आणि प्राण घेणारे बहुतेक प्रपात त्याच टोळींतील कोणाच्या तरी भारानें सुटतात. गाडला गेलेला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर बहुधा वांचतो. अर्ध्या तासानंतर आशा फार उरत नाहीं. तेवढ्या वेळांत बाहेरची मदत पोंचणें कठीण, काढावयाचें तें सोबत्यांनींच. त्यासाठीं प्रत्येकाजवळ ठाव सांगणारें बिनतारी यंत्र, फावडें व खुपसून पाहण्याची लांब सळई लागते. हें साहित्य व तें वापरण्याची संवय नसलेल्यास खालचें कुरण पुरेसें मोठें आहे.