काताझुकेरु म्हणजे आवरणे

आंदर मावळातील पुष्कळ घरांतून कुणी ना कुणी तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत कामाला जाते. ‘फाइव्ह एस’ हा शब्द त्यांना नवा नाही. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. निवड, मांडणी, सफाई, सातत्य आणि शिस्त. पण जपानी आई घरात पसारा पाहून मुलाला म्हणते, ‘काताझुकेते!’ म्हणजे ‘आवर!’

आमची पुतणी जपानी भाषेच्या परीक्षेची तयारी करते. ही परीक्षा पुण्यातही होते. एका रात्री आम्हीही तिच्या वहीत डोके घातले. मूळ क्रियापद ‘काताझुकेरु’. शेवटचा ‘रु’ काढून ‘ता’ लावला की ‘आवरले’, ‘नाई’ लावले की ‘आवरत नाही’. ‘हेया ओ काताझुकेते कुदासाई’ म्हणजे शब्दशः ‘खोली आवरून द्या’. शब्दांचा क्रम अगदी मराठीचा! इंग्रजीला बिचकणाऱ्या आमच्या मुलांनी हे ध्यानात घ्यावे. झाडलोटीला ‘सोऊजी’ हा वेगळा शब्द आहे. ‘काताझुकेरु’ म्हणजे वस्तू जागच्या जागी ठेवणे.

आम्ही विचारले, ‘‘आवरतो’ला काय म्हणतात?’

‘काताझुकेमास.’

‘आणि ‘आवरते’ला?’

‘तेच, काका. बाई असो वा पुरुष, क्रियापद बदलत नाही.’

आम्ही गप्प झालो. कारण ही मुलगी सर्वांची जेवणे झाल्यावर भांडी आवरून मगच वही उघडते. तिचा भाऊ हात धुऊन टीव्हीसमोर बसतो, आणि आम्ही वर्तमानपत्र घेऊन. समतेवर भाषणे करणारे आम्ही!

व्याकरण समान म्हणून संसार समान होत नाही. जपानी घरांतही हे काम अधिक करून बायकांच्याच वाट्याला येते. तिथल्या जुन्या वळणाच्या बोलण्यात मुलगी उजवून मोकळे होण्यालाही ‘काताझुकेरु’च म्हणत. मात्र तिथल्या शाळांतून मुलगे आणि मुली मिळून आपला वर्ग स्वतः झाडतात, ही गोष्ट घेण्यासारखी आहे. आपला पसारा दुसऱ्याने काढायचा, ही सवय किती वाईट हे आपल्या समाजाला कुणी सांगायला नको.

आता रात्रीची भांडी पुतण्या आणि आम्ही आवरतो. पुतणीला अभ्यासाला तासभर जास्त मिळतो. वाचकहो, परीक्षेला बसणारी मुलगी तुमच्या घरी असेल, तर आज जेवणानंतर तुम्ही उठा. ताटे उचला आणि म्हणा, ‘काताझुकेमास!’