दुधाची पिशवी झोतभट्टीत गेली तर?

आजच्या भागाचं निमित्त आमच्या घरचंच आहे. आई दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन वाळवते, महिनाभर साठवते आणि भंगारवाल्याला देते. एकदा मी म्हणालो, "आई, कशाला एवढा खटाटोप? शेवटी कुठेतरी जाळतातच." ती म्हणाली, "तू इंजिनिअर ना? मग जाळून काय होतं ते सांग." मी बी.टेक., पण कॉम्प्युटरवाला. उत्तर येईना. शोधायला बसलो आणि पोचलो थेट जपानमधल्या लोखंडाच्या भट्टीत.

आधी भट्टी समजून घेऊ. खनिजातलं लोखंड ऑक्सिजनला चिकटलेलं असतं. तो ऑक्सिजन काढून घेतला की झालं लोखंड. झोतभट्टीत, म्हणजे ब्लास्ट फर्नेसमध्ये, वरून खनिज, चुनखडी आणि कोक टाकतात. कोक म्हणजे हवा लागू न देता भाजलेला दगडी कोळसा. खालच्या बाजूला भट्टीभोवती नळ्या असतात, त्यांना ट्युयर म्हणतात. त्यांतून हजार अंशांहून जास्त तापलेली हवा आत मारतात. नळीच्या तोंडाशी तापमान दोन हजार अंशांच्या वर जातं!

कोक महाग. म्हणून त्याच नळ्यांतून कोळशाची भुकटी किंवा तेलही आत सोडतात. मग प्लास्टिक का नको? जर्मनीत ब्रेमेनच्या पोलाद कारखान्याने १९९० च्या दशकाच्या मध्यात हे करून पाहिलं. १९९६ मध्ये जपानच्या एनकेके कंपनीने कावासाकी शहरातल्या केहिन कारखान्यात सुरू केलं. ही कंपनी पुढे जेएफई झाली.

प्लास्टिकचे दाणे आत गेले की क्षणात त्यांचा वायू होतो: कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन. हे दोघं भट्टीतून वर चढताना खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतात. माझी चूक इथेच होती. मला वाटायचं, जाळणं म्हणजे फक्त धग. इथे प्लास्टिक धगही देतं आणि कोकचं रासायनिक कामही करतं. कचरा जाळून वीज केली तर उष्णतेचा मोठा भाग फुकट जातो, त्यापेक्षा हे बरंच बरं. शिवाय पॉलिथिनमध्ये एका कार्बनमागे दोन हायड्रोजन. हायड्रोजनने ऑक्सिजन घेतला की पाण्याची वाफ होते, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड थोडा कमी. थोडाच हं. प्लास्टिकमधला कार्बन शेवटी धुराड्यातून जातोच, त्यामुळे याला 'ग्रीन' म्हणताना माझी जीभ अडखळते.

मग सगळा कोक काढून प्लास्टिकच का नाही टाकत? कारण कोक भट्टीत खांबासारखा उभा असतो. वरचा सगळा भार तो पेलतो आणि त्याच्या फटींतून वायू वर जातो. प्लास्टिक वितळणार, ते काय पेलणार? निप्पॉन स्टीलने २००० मध्ये वेगळी वाट धरली. कोक भाजतानाच कोळशात प्लास्टिक मिसळायचं. त्यातून साधारण ४० टक्के तेल, ४० टक्के वायू आणि २० टक्के कोक मिळतो. पण प्रमाण किती? जेमतेम एक टक्का. जास्त घातलं की कोक ठिसूळ होतो.

आणि खरा व्हिलन म्हणजे पीव्हीसी. त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं. तापलं की हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो आणि कारखान्याच्या पाइपांना गंज चढतो. म्हणून कचऱ्यातून पीव्हीसी वेगळं काढावं लागतं, नाहीतर आधी तापवून त्यातलं क्लोरीन काढावं लागतं. जपानमध्ये लोक प्लास्टिकचं पॅकिंग घरीच वेगळं ठेवतात, त्यासाठी कायदा आहे. आपल्यासारखं डायपर, भाजीची सालं आणि वायरचे तुकडे एकाच पिशवीत असते तर भट्टीपर्यंत काहीच पोचलं नसतं. कोडिंगमध्ये आम्ही म्हणतो, इनपुट घाण तर आउटपुट घाण. तेच.

हे सगळं आईला सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, "मग आपल्या पिशव्या जातात कुठे?" रविवारी भंगारवाल्यालाच विचारलं. तो म्हणाला, "दादा, दुधाच्या पिशवीला भाव आहे, तिचा परत दाणा बनतो. ती कोण जाळेल? कुरकुऱ्याचं पाकीट मात्र मी घेत नाही."

भट्टीचा विचार करायचा तर तो त्या पाकिटासाठी करायचा. आता आमच्याकडे त्यांचीही वेगळी पिशवी भरते आहे. न्यायला मात्र अजून कोणी आलेलं नाही.