कुरवपूरचा रजक, बीदरचा राजा

पात्राची वाढ हा विषय निघाला म्हणजे आपले बोलणे बहुधा हरिभाऊ आपट्यांच्या यमूपासून सुरू होते आणि नेमाड्यांच्या पांडुरंग सांगवीकरापाशी येऊन थांबते. जणू माणूस अंतर्यामी कसा बदलत जातो हे कादंबरीचा अवतार होईपर्यंत मराठीला ठाऊकच नव्हते. हा समज मला मान्य नाही. बीदर आणि कलबुर्गी या सीमेवरील जिल्ह्यांत घरोघर सप्ताहात वाचला जाणारा ‘गुरुचरित्र’ हा सात हजारांहून अधिक ओव्यांचा ग्रंथ आपण फलश्रुतीकडे डोळे लावून वाचतो, सोवळ्याओवळ्याचे नियम कसोशीने पाळतो. मात्र त्यातील माणसांकडे माणसे म्हणून पाहण्याची सवड आपल्याला क्वचितच होते.

ग्रंथकर्ते सरस्वती गंगाधर हे मूळचे कानडी भाषक. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी त्यांनी ही रचना मराठीत केली. भीमा आणि अमरजा यांच्या संगमावरील गाणगापूर, म्हणजे आजच्या अफजलपूर तालुक्यातील क्षेत्र, हे तिच्या उत्तरार्धाचे केंद्र होय. आणि ग्रंथात वैदुरानगर म्हणून येणारे बीदर हे त्या काळी, कलबुर्ग्याहून राजधानी हलल्यानंतर, बहामनी सुलतानांच्या तख्ताचे शहर होते. संगमावरचा संन्यासी आणि तख्तावरचा राजा यांच्यामध्ये जे पात्र उभे आहे त्याचा आरंभ मात्र दूर कृष्णाकाठी, कुरवपुरात होतो.

तेथे एक परीट होता. श्रीपाद श्रीवल्लभ स्नानास येत तेव्हा तो नित्यनेमाने दंडवत घाली आणि त्यांच्या स्थानाची झाडलोट करी. एके दिवशी कोणी एक यवन राजा आपल्या स्त्रियांसह, दागदागिन्यांनी झळकत, वाद्यांच्या गजरात नौकेतून जलक्रीडा करीत आला, आणि या परिटाचे भान हरपले. रोजचा नमस्कार राहिला; दृष्टी नौकेवर खिळली. हे ऐश्वर्य कोणत्या पुण्याने मिळत असेल आणि आपला जन्म कशात गेला, असा विचार त्याच्या मनात उठला. श्रीगुरूंनी त्याला जवळ बोलावून मनातले विचारले आणि कसलीही निर्भर्त्सना न करता, राज्य याच जन्मी हवे की पुढल्या, एवढेच विचारले. परिटाने विचारपूर्वक उत्तर दिले: आता वार्धक्य आले, भोग तारुण्यात घ्यावे हे बरे, मात्र त्या जन्मीही आपले दर्शन घडावे.

या उत्तरात त्याचे सारे वय दिसते. लोभ आहे, पण आंधळा नाही; भक्ती आहे, पण भोगाची इच्छा सोडण्याइतकी अजून पिकलेली नाही. इच्छेचा धिक्कार करून पात्राला एका झटक्यात विरक्त करणे कवीला अगदी सोपे होते. त्याने ते केले नाही, यात मला त्याची थोरवी वाटते.

ही कथा नवव्या अध्यायातली. त्यानंतर प्रचलित पोथीत चाळीसएक अध्याय या माणसाचा मागमूस नाही, आणि पन्नासाव्या अध्यायात तो बीदरचा राजा होऊन भेटतो. पूर्वजन्माची स्मृती गेली आहे, पण संस्कार राहिले आहेत: राजा विप्रांशी आदराने वागतो, दरबारातील धर्माधिकाऱ्यांनी हटकले तरी ईश्वर एकच असे निक्षून सांगतो. मग मांडीला स्फोटक, म्हणजे गळू, होतो. वैद्य-हकिमांचे उपाय थकतात, आणि ज्याच्या हुकमाने मुलूख हलतो तो राजा साध्या वेशात, एकटाच पापविनाशी तीर्थावर जातो. तेथील यतीच्या सांगण्यावरून तो लवाजम्यानिशी गाणगापुरास निघतो. परंतु संगमावर श्रीगुरू, म्हणजे श्रीपादांचाच पुढला अवतार, दिसताच परिवार मागे ठेवून पायी पुढे होतो. श्रीगुरू त्याला राजा म्हणून हाक मारीत नाहीत. ‘रजका’ म्हणतात, इतके दिवस होतास कोठे असे विचारतात.

त्या एका संबोधनाने त्याची स्मृती जागी होते. येथे मला वाङ्मयीन परिपक्वतेचा एक निराळाच प्रकार दिसतो. पाश्चात्त्य धाटणीच्या कादंबरीत नायक आपला भूतकाळ मागे टाकून मोठा होतो. येथे राजा आपल्या धाकट्या, ओशाळवाण्या रूपाला ओळखतो, ते रूप आपलेच आहे हे कबूल करतो, आणि त्या कबुलीतच मोठा होतो. स्फोटक कोठे आहे असे श्रीगुरू विचारतात तेव्हा तो नाहीसा झालेला असतो. वाचकाचे लक्ष मात्र तोवर व्याधीवरून कधीच उठलेले असते.

ग्रंथात अशी इतर पात्रेही आहेत. श्रीगुरूंची निंदा करणारा कुमसीचा त्रिविक्रम भारती, कल्लेश्वराखेरीज कोणाची स्तुती करणार नाही असा हट्ट धरणारा हिप्परगीचा कवी नरहरी, आणि सर्वांत महत्त्वाचा म्हणजे श्रोता नामधारक, जो आरंभी देवावरच फिर्याद घेऊन येतो. त्रिविक्रम व नरहरी यांचा पालट दृष्टांताने एकाएकी घडतो, म्हणून त्यांच्या कथा रम्य असूनही मनात तितक्या खोल उतरत नाहीत. रजकाला कवीने एक अख्खे आयुष्य अधिक दिले.

राजा श्रीगुरूंना मोठ्या इतमामाने बीदरला नेतो. त्याचे वैभव डोळ्यांखालून घातल्यावर श्रीगुरू पुन्हा प्रश्नच करतात: इच्छा पुरी झाली ना, की आणखी काही उरली आहे? कुरवपूरच्या काठावरही त्यांनी त्याच्या इच्छेविषयीच विचारले होते, तेव्हा त्याला मागणे सुचले होते. या वेळी तो भोग मागत नाही, चरणसेवा मागतो. पुत्राच्या हाती राज्य सोपवून श्रीशैलावर भेटीस यावे, अशी त्याला आज्ञा होते.