वेल्डिंगच्या रॉडमधलं मँगनीज

सकाळी 7:30
सुरतेतल्या उधन्याच्या गल्लीत पाळी बदलली आहे. लूमच्या खात्यांतून रात्रीचे कारागीर बाहेर पडतात, दिवसाचे आत शिरतात. दोन खात्यांच्या मध्ये आप्पांचं फॅब्रिकेशनचं दुकान. आप्पा मूळचे जळगाव जिल्ह्यातले. तापी लाइनच्या गाडीनं तरुणपणी सुरतेला आले आणि इथेच राहिले. शटर वर गेलं की आधी रॉड बघतात. पत्र्याच्या पेटीत बल्ब लावून पाकिटं ठेवलीत. "ओल लागली की रन फसफसतो, भाऊ. भोकं पडतात."

सकाळी 8:15
आज सुताचे बीम वाहायची एक ट्रॉली करायची आहे. चाळीस बाय चाळीसचा अँगल, पाच मिलिमीटर जाड. हेल्पर नंदुरबारकडचा, एकोणीस वर्षांचा. रोज साडेपाचशे. तो टेप धरतो, आप्पा खडूनं खूण करतात. कटर सुरू होतो. ठिणग्या पायापर्यंत येतात. पोराच्या पायात स्लीपर आहे. आप्पा ओरडतात, तो बूट घालून येतो.

सकाळी 9:30
गुण्या लावून कोपरा काटकोनात धरला. अर्थिंगचा चिमटा अँगलला. होल्डरमध्ये रॉड, सव्वातीन मिलिमीटरचा, एक साधारण चार रुपयांना. डोळ्यांपुढे काळी काच. चार ठिकाणी टॅक, म्हणजे छोटे टाके, मग लांब रन, म्हणजे सलग जोड.

रॉडच्या वरच्या राखाडी लेपात टायटॅनियमचं खनिज असतं, आणि थोडं फेरोमँगनीज. कोपऱ्यात लोखंड वितळलं की हवेतला ऑक्सिजन त्यात शिरू बघतो. तो आत राहिला तर जोड ठिसूळ होतो. मँगनीज लोखंडाच्या आधी त्याला पकडतं, ऑक्साइड होतं आणि वर तरंगतं. गंधकालाही तेच बांधून ठेवतं, नाहीतर निवताना जोडाला तडा जातो.

सकाळी 10:40
स्लॅग काढायची वेळ. जोड निवताना वरचा थर एका कडेनं आपोआप सुटतो. आप्पा चिपिंग हॅमरनं दोन टोले देतात. काळपट तपकिरी, काचेसारखा लांब तुकडा खाली पडतो. पोटाकडून गुळगुळीत, पाठीवर बारीक सुरकुत्या. बोटात दाबला की तुटतो. खाली लोखंडाची चकचकीत खवल्यांची ओळ. ऑक्सिजनला पकडलेलं मँगनीज या तुकड्यात आहे. जमिनीवर तो झाडून टाकायचा कचरा.

सकाळी 11:15
चहा, दहा रुपये कप. मँगनीज येतं कुठून, हे आप्पांनी कधी विचारलं नव्हतं. मी सांगतो. आपल्याच नागपूर-भंडाऱ्यापासून बालाघाटपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटरचा पट्टा आहे. मनसर, कांद्री, चिखला, डोंगरी बुजुर्ग या तिथल्या खाणी. लुईस फर्मोर या भूवैज्ञानिकानं 1909 मध्ये भारतातल्या मँगनीजवर जाडजूड ग्रंथ लिहिला. तिथल्या एका खडकाला गोंड लोकांवरून 'गोंडाइट' हे नाव त्यानंच दिलं. तो खडक मुळात समुद्रतळावरचा मँगनीजयुक्त गाळ. पुढे जमिनीच्या पोटात दाबला गेला, तापला, त्यात गार्नेटचे दाणे धरले.

"समुद्र? भंडाऱ्याला?" आप्पा कप खाली ठेवतात.

दुपारी 12:45
डबा उघडतो. कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी. पोरगा विचारतो, समुद्रात मँगनीज बसलं कसं?

रॉडमधलं मँगनीज धातू असतं, ऑक्सिजन दिसला की झडप घालतं. समुद्रातलं तसं नाही. ते आधीच दोन इलेक्ट्रॉन गमावून पाण्यात विरघळलेलं असतं. त्याला आणखी इलेक्ट्रॉन सोडायला लावून काळ्या ऑक्साइडच्या रूपात तळाशी बसवणं अवघड. विरघळलेलं लोखंड थोडक्या ऑक्सिजनवर गंजून बसतं, मँगनीजला जास्त लागतो. म्हणून जुन्या गाळात मँगनीजचे जाड थर दिसले, की त्या पाण्यात ऑक्सिजन बराच वाढला असावा, असं अभ्यासक मानतात.

हवेत ऑक्सिजन साठू लागला तो साधारण 240 कोटी वर्षांपूर्वी. जमिनीवरचा जगातला सगळ्यात मोठा मँगनीज साठा, दक्षिण आफ्रिकेतला कालाहारीचा, त्याच सुमाराचा आहे. मात्र एका थरावर निकाल देता येत नाही. काही जिवाणू ऑक्सिजन नसतानाही उजेडाच्या जोरावर मँगनीजचं ऑक्साइड करतात, हे प्रयोगशाळेत दिसलंय. म्हणून शेजारचं लोखंड, गंधक, कार्बन सगळं तपासून साक्ष जुळवावी लागते.

दुपारी 2:30
ट्रॉली उलटी केली. आतल्या कोपऱ्यात वाकून रन मारायचा आहे. निळसर धूर थेट तोंडावर येतो. त्या धुरात मँगनीज असतं. वर्षानुवर्षं छातीत गेलं तर मेंदूवर परिणाम होतो, हात थरथरतात, चाल बदलते. आप्पांनी टेबलफॅन असा ठेवलाय की धूर शटरबाहेर जावा. दर तीन रॉडनंतर ते बाहेर येऊन उभे राहतात. पोराला मास्क दिलाय. तो हनुवटीवर ओढतो, आप्पा पुन्हा वर करायला लावतात.

दुपारी 4:15
ग्राइंडर. कोपरे घासून गुळगुळीत करायचे, सुताला खरचटता कामा नये. घासलेलं लोखंड चांदीसारखं दिसतं. रेड ऑक्साइडचा हात लगेच द्यायचा, उधन्याच्या दमट हवेत गंज चढायला वेळ लागत नाही.

पोराचा पुढचा प्रश्न: आत्ताही बसतंय का ते समुद्रात?

बसतंय. 26 जानेवारी 1981 रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजानं अरबी समुद्राच्या तळातून मँगनीजचा गोळा वर काढला. खोल तळाला आज ऑक्सिजन पोचतो, म्हणून हे गोळे तिथे टिकतात. दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात.

संध्याकाळी 6:00
शेठ येतात. ट्रॉली ढकलून बघतात, हातोडीनं जोडावर ठोकतात. आवाज भरीव येतो. काट्यावर वजन, अडतीस किलो. भाव किलोला एकशे दहा. चाकं शेठनं दिलेली. शेठ शंभराला मागतात, आप्पा जोडाकडे बोट दाखवतात. एकशे दहाच ठरतो.

संध्याकाळी 7:15
वहीत हिशोब. आले चार हजार एकशे ऐंशी. अँगलचे बावीसशे ऐंशी, तीस रॉडचे एकशे वीस, पोराचे साडेपाचशे. उरले बाराशे तीस. त्यातून डिस्क, वीजबिल आणि दुकानाचं भाडं. पोरगा मजुरी मोजून खिशात घालतो. शेठला आणखी दोन ट्रॉल्या हव्या आहेत. आप्पा वहीच्या कोपऱ्यात लिहितात: रॉड, दोन पाकिटं.