गडावर पाणी येते कोठून?

शाळेची सहल किल्ल्यावर गेली की इतिहासाचा पाठ होतो, भूगोलाचा मात्र राहून जातो. गडमुडशिंगीच्या नावातच ‘गड’ आहे. पण तेथल्या मुलांना मोठा गड दाखवायचा, तर कोल्हापूर ओलांडून आणखी वीसेक किलोमीटरवरचा पन्हाळा गाठावा लागतो. गाडी वाघबीळला सोडून पुढचा चढ रस्त्याच्या कडेने, रांगेत चालत चढावा असे आम्ही सुचवू. गाडीच्या खिडकीतून खडक नीट पाहता येत नाहीत.

पायथ्याकडे काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे हे थर. वर जावे तसा खडक लालसर, भोकाभोकांचा होतो. हा जांभा. तो बाहेरून आलेला नाही. काळ्या खडकाचेच ते रूप आहे. उष्ण व दमट हवेत पावसाचे पाणी लाखो वर्षे खडकात मुरत राहिले. सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळून गेले. लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडे मागे उरली. म्हणून रंग गंजासारखा.

जांभा आणि बेसाल्ट यांच्यामध्ये अर्धवट कुजलेल्या खडकाची चिकणमाती असते. जांभ्यातून पाणी सहज उतरते, पण या मातीवर येऊन अडते. आसपासच्या प्रदेशाहून सुमारे 400 मीटर उंच असलेल्या माथ्यावर विहिरी आणि तळी टिकतात, ती या साठ्यामुळे.

बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज याने येथे किल्ला बांधला. त्यासाठी ताशीव कडा जितका उपयोगी, तितकेच हे पाणी. 1660 मध्ये सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून जुलैपर्यंत होता, म्हणजे सबंध उन्हाळा त्यात आला. अंबरखान्याच्या प्रचंड कोठारांविषयी मुलांना सांगितले जाते. पण नुसत्या धान्यावर शिबंदी किती दिवस तग धरणार? तीन दरवाजाजवळची तीनमजली अंधारबाव पाहावी. विहीर इमारतीच्या पोटात दडवली आहे. शत्रूने पाण्यात विष कालवू नये, हा त्यामागचा हेतू सांगितला जातो.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. प्लास्टिकची बाटली उभी कापून आडवी ठेवावी. तळाशी ओल्या चिकणमातीचा उतरता थर द्यावा आणि त्यावर विटांचे तुकडे भरावेत. वरून हळूहळू पाणी घालावे. उताराच्या टोकाशी, माती आणि विटा जेथे भेटतात तेथे, बाटलीला एक भोक असावे. पाणी तेथूनच बाहेर येईल. पाणी ओतणे थांबवले तरी ते काही वेळ ठिबकत राहते, तिकडे मुलांचे लक्ष वेधावे.

आता बाटली थोडी अधिक कलती करून पाणी भरपूर ओतावे. भिजून निसरड्या झालेल्या मातीवरून विटा घसरू लागतात. गडाला पाणी देणारी ही रचना अतिवृष्टीत गडाच्या कडा अशाच ढिल्या करते. 2021 च्या जुलैतील पावसात पन्हाळ्यावर जाणारा मुख्य रस्ता खचला आणि गडावरच्या वस्तीची वाट तुटली. 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या या किल्ल्याची तटबंदीही अशाच उतारांच्या माथ्यावर उभी आहे. तटाची डागडुजी करताना दगडाइतकाच विचार पाण्याचा निचरा कोठून होतो याचा करावा लागतो.

सहल शक्यतो ऑक्टोबरात न्यावी. पाऊस थांबलेला असतो, पण उतारावर पाझराच्या ओल्या, हिरव्या जागा अजून ओळखू येतात. मुलांना त्या कागदावर मांडायला सांगाव्यात. बहुतेक खुणा एकाच उंचीवर आल्या, तर तेथे खडक कसा बदलतो ते त्यांनाच शोधू द्यावे.