विद्या आली, वाट कोठे आहे?

गोंदिया तालुक्यातील दवनीवाड्यासारख्या गावी एखाद्या साठीच्या गृहस्थाच्या छातीत व पाठीत अकस्मात जीवघेणी कळ उठली, तर घरची माणसे प्रथम वायूचे निमित्त शोधतात. फार तर हृदयविकाराची शंका घेतात. हृदयातून निघून सर्व शरीरास रक्त पुरविणारी महारोहिणी फुगून फुटली असेल, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. हा विस्फार वर्षानुवर्षे मुकाट्याने वाढतो. वाढलेला रक्तदाब, धूम्रपान व वार्धक्य हे त्याचे सोबती होत. तो छातीत फुटला म्हणजे बहुतेक रुग्ण रुग्णालय गाठण्यापूर्वीच दगावतात.

पूर्वी या विकारावर एकच इलाज होता. छाती उघडावी, महारोहिणी चिमट्यात धरावी आणि बिघडलेल्या भागाच्या जागी कृत्रिम नळी शिवावी. आता दुसरा मार्ग खुला झाला आहे. जांघेतील रोहिणीतून बारीक तार वर सरकवितात. तिच्यावरून धातूची जाळी व कापड यांची मिटलेली नळी क्ष-किरणांच्या साहाय्याने विस्फारापर्यंत नेऊन तेथे उलगडतात. रक्त नळीतून वाहू लागते व फाटक्या भिंतीवरील भार हटतो. खारकीव्ह येथे निकोलाय व्होलोदोस यांनी १९८७ साली छातीतील महारोहिणीत अशी नळी बसविली; १९९२ पासून स्टॅनफर्डच्या मायकेल डेक यांनी हे तंत्र पुढे नेले. छातीतील उतरती महारोहिणी फुटलेल्या २२४ रुग्णांच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एकत्रित अभ्यासात, तीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण खुल्या शस्त्रक्रियेनंतर शेकडा ३३, तर नळीच्या उपचारानंतर शेकडा १९ आढळले.

हा उपाय सर्वांस लागू पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. हृदयालगतच्या चढत्या भागासाठी बहुधा छाती उघडावीच लागते. मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटून पाय लुळे पडण्याचा धोका असतो. नळीच्या कडेने रक्त झिरपू शकते. म्हणून पुढे आयुष्यभर तपासणी करावी लागते.

परंतु आमचा प्रश्न वेगळा आहे. विद्या जगात आली. ती दवनीवाड्याच्या रुग्णापर्यंत वेळेत पोहोचणार कशी? २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात धावते. २०१६ साली गोंदियास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तथापि गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर दूर आहे आणि फुटलेली रोहिणी कोणाची वाट पाहत नाही. त्यात हृदयविकार समजून रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध दिले गेले, तर उपचारच घातक ठरावयाचा!

म्हणून आमचे शासनास सांगणे आहे की, जिल्ह्याच्या ठिकाणी रात्रंदिवस सी. टी. स्कॅन करून ते तत्काळ वाचण्याची खात्रीची सोय असावी. रुग्ण निघण्यापूर्वीच नागपूरच्या तज्ज्ञांस त्याची चित्रे मिळावीत. तेथे निरनिराळ्या मापांच्या नळ्या सदैव हाताशी असाव्यात, आणि खर्चाच्या मंजुरीसाठी मरणोन्मुख माणसास तिष्ठत ठेवू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रांत रक्तदाबाची नियमित तपासणी झाली, तर काहींवर हा प्रसंगच येणार नाही. यांपैकी एकही गोष्ट अशक्य कोटीतील नाही. नागपूरच्या रुग्णास जी संधी मिळते, ती दवनीवाड्याच्या रुग्णास केवळ अंतरामुळे नाकारली जावी, हे आम्हांस मान्य नाही.